पोपट ठकीचा

ठकी आमच्या उमरोळीच्या वाडीत कामाला आली ती खांद्यावर पोपट घेऊन. काखेत कपड्यांचं गाठोडं, हातात ॲल्युमिनियमचं पातेलं आणि खांद्यावर हा हिरवा पाहुणा. मी ओटीवर तोंडली निवडत बसले होते. तिला वर-खाली बघत मी म्हटलं, "काम करायला आलीस की खेळ दाखवायला?" माझं तोंड पहिल्यापासूनच असं. ठकी हसली नाही आणि रागावलीही नाही. म्हणाली, "काम मी करीन, बाय. तो नुसता बसंल."

साल ऐंशी असावं. माझे यजमान खंडेराव बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात फोरमन होते. सकाळी कंपनीच्या बसनं जायचे ते दिवेलागणीला परत. त्यामुळे वाडी माझ्या ताब्यात होती. चिकूची चाळीस झाडं, थोडे माड, तोंडलीचा मांडव, आणि कामाला येणारी माणसं. या सगळ्यांवर माझा आवाज चालायचा, आणि तो चालतो याचा मला भारी अभिमान होता.

ठकी जव्हारकडच्या डोंगरातली वारली बाई. वय तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पदरी मूल नाही. दिरांच्या सामायिक, डोंगरउतारावरच्या वरकस तुकड्यात पावसाळ्यापुरती नाचणी आणि मूठभर भात व्हायचं. ते कापून झालं की ती खाली उतरायची, आमच्या वाडीच्या टोकाला कुडाच्या खोपीत राहायची आणि होळीला परत जायची. ती थेट पुढच्या कापणीनंतर यायची. बिडी ओढायची, हिशोबानं बोलायची, पण कुणी डिवचलं तर उत्तर द्यायला तिला वेळ लागत नसे. चिकूच्या मुळाशी आळं करावं तर तिनंच. कुदळ अशी चालवायची की एक मूळ दुखावणार नाही.

पोपटाचं नाव चिंतू. वाऱ्यानं ताड पडला तेव्हा त्याच्या ढोलीतून हा बाहेर पडला, डावा पंख मोडलेला. ठकीनं नाचणीची आंबील बोटानं भरवून त्याला जगवलं. पंख वाकडाच जुळला, त्यामुळे तो उडायचा नाही. फार तर खांद्यावरून भुईवर धडपडायचा. त्याच्या पायाला तिनं लाल दोरा बांधला होता. पिंजरा वगैरे काही नाही. ती काम करायची तिथल्या फांदीवर त्याला ठेवायची आणि मधूनमधून जीभ टाळूला लावून 'टॉक टॉक' असा आवाज काढायची. तो मान वळवून तिच्याकडे बघायचा. एवढाच त्यांचा संसार.

चार वर्षं असं चाललं. मग चौऱ्याऐंशी साली, माघात, चिंतूनं अंडं घातलं.

वाडीत हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. "ठके, तुझा चिंतू बाई निघाला की गं!" मी तर तोंडली तोडणाऱ्या बायकांना बोलावून बोलावून सांगितलं. नर पोपटाला येतो तो कंठ त्याच्या गळ्याला उमटत नव्हता तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण ठकी आपली 'लान हाय अजून' म्हणून समजूत घालत बसलेली. नाव मात्र तिनं बदललं नाही. "चार वरसं चिंतू म्हनलं. आता कसं बदलू?"

खोपीत आडव्या ठेवलेल्या एका मडक्यात चिंतूनं दोन अंडी घातली आणि त्यांवर बसला. त्यांतून काही निघणार नव्हतं हे ठकीलाही कळत होतं. पण चार दिवसांनी उंदरांनी ती दोन्ही फोडली, आणि चिंतू रिकाम्या मडक्यात तसाच बसून राहिला. खाईना, हलेना, हात घातला की चावायचा. ठकी पहिल्यांदाच मला घाबरलेली दिसली. "बाय, तो वाळत चालला हाय," म्हणाली. मी म्हटलं, "मग मी काय करू? दवाखान्यात नेऊ?"

त्याच आठवड्यात माझ्या काळ्या कोंबडीला रानमांजरानं नेलं. ती अकरा अंड्यांवर बसलेली, पाचवा-सहावा दिवस असेल. सकाळी डालग्याशी नुसती पिसं. दुसरी एकही कोंबडी खुडूक नव्हती, अंडी उबवायला कुणी नाही, म्हणजे ती गेल्यातच जमा. मी ती टोपलीत भरून चडफडत उभी होते, तर ठकी आली, टोपलीत हात घालून म्हणाली, "अजून ऊब हाय. दोन द्या. चिंतूखाली घालते."

मी हसले. "पोपटाखाली कोंबडीची अंडी?"

"त्याला काय ठाव कोनाची ती!"

आमच्या भागात एक रीत आहे. एकाची कोंबडी खुडूक बसलेली असते आणि दुसऱ्याकडे अंडी असतात. मग अंडीवाल्यानं अंडी नेऊन द्यायची आणि निघतील ती पिल्लं निम्मी निम्मी वाटून घ्यायची. कागद नाही, साक्षीदार नाही, नुसता शब्द. पण हा शब्द कुणी मोडत नाही. मोडला तर पुढच्या वेळी तुमची अंडी कुणी घेत नाही. मी नुसती चेष्टा म्हणून ठकीला म्हटलं, "घे बाई. पण निघाली पिल्लं तर अर्धा वाटा माझा हं!"

ठकी हसली नाही. तिनं दोन अंडी पदरात घेतली, टोपलीला हात लावला आणि म्हणाली, "अर्धा वाटा. ठरलं."

दोनच अंडी, कारण तिसरं चिंतूच्या पोटाखाली मावेना. पहिल्या दिवशी तो त्या धोंड्यांएवढ्या अंड्यांकडे मान वाकडी करून बघत राहिला म्हणे. मग एक पाय टाकला, मग दुसरा, आणि पिसं फुलवून असा बसला की उठायचं नाव नाही. ठकी कामातून दर तासाला खोपीत जायची. शेंगदाणे चावून त्याला भरवायची, मडक्याच्या तोंडाशी ओलं फडकं टांगायची, अंडी हातानं अलगद फिरवायची. मी ओरडायचे, "ठके, तुझा बाळंतपणाचा सोहळा झाला असेल तर इकडे ये!" ती यायची आणि चुकवलेलं काम अंधार पडायच्या आत भरून काढायची. मला बोलायला जागा ठेवायची नाही.

बारा दिवस झाल्यावर एका दुपारी ती मला खोपीत घेऊन गेली. पातेल्यात कोमट पाणी होतं. तिनं एक अंडं पाण्यात सोडलं. ते तरंगलं आणि थोडा वेळ नुसतंच राहिलं. मग एकदम हललं. आतून कुणी ढुशी दिल्यासारखं डुचमळलं, थांबलं, पुन्हा डुचमळलं. पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. दुसरंही तसंच. ठकीनं ती पदरानं पुसून चिंतूखाली सारली आणि माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बंद. तेवढी मी आयुष्यात फार कमी वेळा गप्प झाले असेन.

खरं सांगायचं तर लाजेचं बी तिथंच पडलं. तोवर तो ठकीचा खुळेपणा होता. अंडं पाण्यात हललं आणि मला ते हवंसं झालं.

घरी येऊन मी खंडेरावांना सांगितलं. त्यांनी कारखान्यात सांगितलं. तिथल्या कुणाच्या तरी ओळखीचा एक बातमीदार पालघरच्या एका छोट्या साप्ताहिकात होता. तो येणार असा निरोप आला, आणि माझ्या अंगात वारं शिरलं. मी ठकीला म्हटलं, "तुझ्या खोपीत उंदीर आहेत. मागची अंडी फोडली ना त्यांनी? मडकं ओटीवर आण." उंदरांचं कारण खरं होतं, म्हणून तर ते मला सापडलं. ठकीनं चिंतूसकट मडकं उचललं. मग मडकं छातीशी धरून, पायाखाली बघत, पूर्ण वाडी ओलांडून ओटीवर आली. मागून मी चालत होते आणि "सांभाळ, सांभाळ" म्हणत होते, जसं काही ते माझंच.

पिल्लं निघाली ती ओटीवर. एक पिवळसर, एक काळपट. चिंतूची जी धांदल उडाली ती बघायला आसपासची माणसं जमली. तो पोटातलं अन्न वर काढून पिल्लांच्या चोचीत घालायला बघायचा, आणि पिल्लं त्याच्या पोटाखालून निसटून भुईवरचे कण टिपत सुटायची. तो वाकडा पंख ओढत त्यांच्यामागे. ठकी खांबाशी उकिडवी बसून बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. तिसऱ्या दिवशी तो बातमीदार स्कूटरवरून आला.

मी जरीकाठी लुगडं नेसले होते. खुर्ची ओटीवर, खुर्चीशेजारी स्टुलावर मडकं, मडक्याच्या तोंडाशी चिंतू आणि खाली पिल्लं. बातमीदार तरणा होता, वही उघडून म्हणाला, "पोपट कुणाचा, ताई?"

ठकी दारातून चिकूच्या फोडींची ताटली घेऊन येत होती. खंडेराव माझ्याकडे बघत होते.

"आमचाच," मी म्हटलं.

एवढ्यावर थांबले असते तरी काही बिघडलं नसतं. वाडीतलं सगळं 'आमचं' म्हणायची सवय जिभेला लागलेली. आमची वाडी, आमची माणसं, तर माणसांचा पोपटही आमचा. पण मी थांबले नाही. "चार वर्षं झाली पाळून. अंडी बसवायची कल्पना माझीच. मी पाण्यात सोडून बघितली ना, तेव्हाच ओळखलं," असं एकावर एक रचत गेले. तो लिहून घेत होता. मला बाहेरच्या माणसानं आयुष्यात प्रथमच काही विचारलं होतं आणि माझं बोलणं कागदावर उतरत होतं. खंडेराव उठून पायरीवर जाऊन बसले. ठकीनं ताटली ठेवली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

फोटोच्या वेळी चिंतू काही केल्या मान वर करीना. बातमीदारानं टिचक्या वाजवल्या, शिट्टी मारली. मी मडक्यावर हात ठेवून हसत बसलेली, गाल दुखायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, टॉक टॉक. चिंतूनं मान उंच केली आणि फोटो निघाला. बातमीदारानं वळून विचारलं, "या कोण?"

"कामाची बाई," मी म्हटलं.

हे लिहिताना माझा हात थांबतो. त्या दिवशी जीभ थांबली नाही.

फोटो छापून आला. 'विजयाताईंच्या पोपटाची कमाल' असं वर लिहिलेलं. खंडेरावांनी बोईसरहून चार अंक आणले आणि न बोलता टेबलावर ठेवले. मी कात्रणाला फ्रेम करून घेतली. मग बायकांची रीघ लागली. बोईसरच्या कॉलनीतल्या बायका रिक्षा करून आल्या, बेटेगावहून माझी नणंद सुलू पोरीबाळी घेऊन आली. येणाऱ्यांना पोपट दिसायला हवा, म्हणून मी बाजारातून लोखंडी पिंजरा आणला. चिंतूला त्यात घातलं. पिल्लं खाली, तो वर. तो गजांतून चोच काढून त्यांना बोलवायचा.

होळी चार दिवसांवर आली तेव्हा ठकी ओटीखाली येऊन उभी राहिली. "बाय, मी परवा जानार. चिंतूला नेते."

मी म्हटलं, "आत्ताच? रविवारी महिला मंडळाच्या बायका येणार आहेत. राहू दे की त्याला इथं. पिंजरा आहे, डाळ आहे, मिरची आहे. डोंगरात त्याला काय मिळणार? तू कापणी झाली की येशीलच. आणि पिल्लं ने ना दोन्ही. मला काय कोंबड्यांची कमी?"

ठकी म्हणाली, "पिल्लांचा वाटा ठरला हाय. एक तुमचं, एक माजं. चिंतूचा वाटा नव्हता ठरला."

तिचं बरोबर होतं. ते बरोबर होतं म्हणूनच माझा पारा चढला. मी म्हटलं, "ठके, चार वर्षं राहतेस ती खोप कुणाची? पाणी कुणाच्या विहिरीचं? एक पक्षी आठ महिने ठेवायचा म्हटलं तर एवढं?"

 तिनं खोपीकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं. तिच्या जागी मी असते तर पिंजरा उचलून चालू लागले असते. पण ती खोप आमची होती, आणि मी ते ऐकवलं होतं. मग ती पिंजऱ्यापाशी आली, गजांतून बोट घालून तिनं त्याच्या डोक्यावर खाजवलं. "पिल्लं दोनी नेते," म्हणाली. "लान हायत, हितं मांजर खाईल. तुमचा वाटा वाडवून आनून देईन." टोपलीत पिल्लं घेऊन ती स्टेशनच्या वाटेला लागली. चिंतू तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ओरडत होता. मी त्याच्यासमोर मिरची धरली.

त्यानं मिरची घेतली नाही. डाळ घेतली नाही. रविवारी मंडळाच्या बायका आल्या तेव्हा तो पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला होता, आणि मी "लाजतोय" असं सांगितलं. मी त्याला शेंगदाणे चावून द्यायला बघितलं. जीभ टाळूला लावून तो आवाजही काढून बघितला. त्यानं मान वळवली नाही. रंगपंचमीच्या सकाळी तो मेलेला सापडला. हातात घेतला तर इतका हलका की मला वाटलं पिसंच उरलीत.

मी त्याला वाडीच्या शेवटच्या चिकूखाली पुरलं. लाल दोरा पायालाच राहू दिला. खंडेराव म्हणाले, "जव्हारच्या एसटीबरोबर ठकीला निरोप पाठवू." मी म्हटलं, "कशाला तिला आत्ताच दुःख? आली की सांगू." मला तिच्या दुःखाची काळजी नव्हती. आठ महिने मिळत होते, ते मला हवे होते.

मार्गशीर्षात ठकी आली. खोपीत गाठोडं न टाकता सरळ ओटीखाली. हातातल्या करंडीतून तिनं एक कोंबडी काढली. काळपट, तुकतुकीत, अंड्यावर आलेली तलंग. "हा तुमचा वाटा. दुसरा कोंबडा निंगाला, तो मी ठेवला." सगळ्यांना ठाऊक आहे की दोनांत चांगला वाटा तलंगेचा. तो तिनं मला दिला होता. मग तिनं छताच्या कडीकडे बघितलं, जिथं पिंजरा टांगलेला असायचा.

"चिंतू?"

आठ महिन्यांत मी शंभर वेळा खरं बोलायची तयारी केली होती. कोंबडी माझ्या हातात होती, गरम, धडधडणारी. मी म्हटलं, "उडून गेला गं. पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं एकदा."

ठकी माझ्याकडे बघत राहिली. "उडला?"

"हो ना."

"मंग पंख जुळला त्याचा," ती म्हणाली.

मी ते अधाशासारखं उचललं. "हो, हो! चांगला जुळला होता. माडावरून पलीकडे गेला." मी हातानं दिशासुद्धा दाखवली.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. चिकूंना खत घालायचं होतं. मी तिला म्हटलं, "सगळ्यांची आळी कर, पण टोकाच्या झाडाला हात लावू नको. त्याला औषध घातलंय." ती "बरं" म्हणाली. आणि त्या सकाळपासून एक नवीन गोष्ट सुरू झाली. कामाला लागण्याआधी ठकी ओटीसमोरच्या माडाखाली उभी राहायची, वर बघायची आणि जीभ टाळूला लावायची. टॉक टॉक. "चिंतू, ये रे. चिंतू." मग कुदळ उचलायची.

मला वाटलं चार दिवस करील. तिनं ते अकरा वर्षं केलं. दरवर्षी कापणीनंतर यायची, होळीला जायची आणि मधल्या प्रत्येक सकाळी माझ्या ओटीसमोर हाक मारायची. चिकू पिकले की पोपटांचे थवे उतरतात. इतर बायका त्यांना हाकलायला डबे बडवायच्या. ठकी मान वर करून एकेकाला निरखायची. मी चहा घेऊन मागच्या पडवीत बसायला लागले. तिथंही ऐकू यायचं. एकदा न राहवून मी ओरडले, "पुरे कर गं! किती वर्षं झाली!"

ती शांतपणे म्हणाली, "तुमी म्हनलात ना उडला. उडला आसंल तर येल कदी तरी."

खंडेरावांनी एकदा विचारलं, "तो टोकाचा चिकू का धरत नाही?" मी म्हटलं, जात खराब असेल. बाकीची झाडं ठकीच्या हाताखाली फळांनी वाकायची आणि ते एक झाड, खताविना, काडीसारखं उभं. तिला मी कुठल्याही वर्षी सांगू शकले असते. दरवर्षी वाटायचं, गेल्या वर्षीच सांगायला हवं होतं, आता काय म्हणून सांगू? त्या तलंगेची अंडी मी कधी तोंडात घातली नाहीत. घरातले खायचे. मी म्हणायचे, मला बाधतात.

पंच्याण्णव सालच्या होळीला ठकी म्हणाली, "बाय, पुडच्या वरसी मी नाय येनार. गुडघं बसलं." गाठोडं बांधून झालं होतं. खंडेराव तिच्यासाठी स्टेशनपर्यंत रिक्षा बघायला गेले होते. ओटीवर आम्ही दोघीच. मी घरात गेले, भिंतीवरची फ्रेम काढली आणि तिच्यासमोर धरली. का काढली ते मला अजून सांगता येत नाही. द्यायला तिच्याजोगं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

त्या फोटोच्या दिवसानंतर अकरा वर्षं ती घरात आली नव्हती, ओटीपलीकडे तिचं काम नव्हतं. फोटो तिनं पहिल्यांदाच जवळून बघितला. बोटानं काच पुसली. "माज्याकडं बगतो हाय," म्हणाली. खरंच. मी कॅमेऱ्याकडे बघत हसत होते आणि चिंतूची मान चौकटीबाहेर, दाराकडे वळलेली. एवढी वर्षं भिंतीवर असून मला ते दिसलं नव्हतं.

मी म्हटलं, "ठके, तो उडाला नव्हता."

"ठाव हाय."

"मेला. तू गेल्यावर आठवड्यात. मी त्याला..."

"टोकाच्या चिकूखाली," ठकी म्हणाली. "चाळीस झाडांना खत घालाया सांगितलं, त्या एकाला नको म्हनलात. तवाच कळलं. आन मोडक्या पंखानं कोन उडतं, बाय?"

मी पायरीवर बसले.  अकरा वर्षं मी तिच्यापासून लपवत होते आणि ती पहिल्या सकाळपासून जाणत होती. मग एकदम ते माडाखाली उभं राहणं आठवलं, आणि मी विचारलं, "ठाऊक होतं तर रोज हाक का मारायचीस?"

"तुमी आयकावं म्हून."

तिच्या आवाजात राग नव्हता. आळं केलं, खत घातलं, तसं सांगितलं. मी रडले. तिनं मला रडू दिलं, गप्प करायला आली नाही, आणि त्याचं मला बरं वाटलं. बिडी पेटवून ती रिक्षाची वाट बघत उभी राहिली. थोड्या वेळानं मी डोळे पुसून म्हटलं, "ही फ्रेम ने."

तिनं मान हलवली. "त्यात तुमी हायत. तुमाला नेऊन मी काय करू?" मग जरा विचार केला. "अर्धा द्या. वाटा."

मी कात्री आणली. फ्रेम उलटी करून खिळे उचकटले, कात्रण बाहेर काढलं. कागद पिवळा पडला होता. मधोमध, माझ्या मनगटापासून, मी तो कापला. मडकं, चिंतू आणि पिल्लं तिकडे. मी, खुर्ची आणि जरीकाठी लुगडं इकडे. तिनं आपला अर्धा भाग कमरेशी, लुगड्याच्या केळात खोचला. रिक्षा आली. बसण्याआधी ती ओटीसमोरच्या माडाखाली थांबली, पण हाक मारली नाही.

त्याच आठवड्यात मी टोकाच्या चिकूला स्वतःच्या हातांनी खत घातलं. ठकीसारखं जमलं नाही, दोन मुळं तुटली. ती गेल्याचं मला पुढं तीन वर्षांनी कळलं. तिच्या दिराची सून कामाला आली होती, तिनं सांगितलं. तो कागद ठकीच्या झोपडीत कुडाला चिकटवलेला होता म्हणे.

माझा अर्धा भाग त्याच फ्रेममध्ये भिंतीवर आहे. फ्रेम मोठी, फोटो लहान, म्हणून बाजूला जागा मोकळी दिसते. माझा हात मनगटाशी संपतो. आलं-गेलं माणूस विचारतं, "विजयाताई, हे काय, हात कशावर ठेवलाय?" पूर्वी विचारलं असतं तर मी काहीतरी रचलं असतं. आता सांगते, ठकीच्या पोपटाच्या मडक्यावर.